अठरा दिवस

प्रदीपभावोजींची गाडी वडाच्या वळणावरून दिसेनाशी झाली
तेव्हा डिकीत होते चाळीस नारळ,
उकड्या तांदळाची अर्धी गोण, कोकमांची पिशवी,
आणि मागे अंगणात राहिलं होतं एक वाक्य:
"वयनी, तुम्ही गावात रवतास, तुमका खर्च तो कसलो!"

मी हात हलवत राहिले.
हात हलवायला पैसे पडत नाहीत.

मग आत येऊन आधी ती माळ काढली,
लाल-हिरवी, सात रात्री सलग जळलेली.
प्लग निघाला तरी मीटर
थोडा वेळ धापा टाकत असल्यासारखा वाटला.

गणपतीच्या शाळेची पावती उताणी केली,
पाठीवर हिशेब मांडला.
धुरींच्या दुकानाचं मागचं आणि पुढचं.
हर्षालीचा ड्रेस, जो कोपरात आत्ताच उसवलाय.
भजनाच्या तीन बाऱ्या : उसळ, पाव, चहा,
आणि तिसऱ्या रात्री चाळीस माणसांना पेढे.
पेढे कोणी मागितले नव्हते.
बुवांनी गजर असा चढवला, घर असं भरलं
की मीच जनाच्या कानात म्हणाले, जा, घेऊन ये.
खरं ते लिहावं. लिहिलं.

तेव्हापासून सिलिंडर झाकून ठेवलाय,
त्याच्यावर परात, परातीवर कुळीथ.
चूल धुमसते, चुडतं अजून दमट आहेत,
आंघोळीचं पाणी सोडणांवर तापतं
आणि केसांना दिवसभर धुराचा वास.
माटवीचं तवसं उतरवलं.
धोंडस करायचं तर गूळ लागतो,
म्हणून भाजी केली. दुसऱ्या दिवशी सालींची चटणी.
तिसऱ्या दिवशी बिया वाळत घातल्या,
तेव्हा जना म्हणाला, आता देठाचं काय करतेस?

सकाळी पेज. दुपारी पिठी.
बंदरावर सुरमई आली म्हणतात, येऊ दे बापडी.
आम्ही पेडव्यांची माणसं, वाटा घ्यायचा
तोही बारा वाजल्यावर, कोळणीला घरी जायची घाई असते तेव्हा.
दुधाचा चहा एकदा. संध्याकाळी
कपात गवती चहा आणि थोडी समजूत.
रिचार्ज एकाच फोनचा; दुसरा
घड्याळ म्हणून फळीवर उभा आहे.

"आई, आपण गरीब आहोत?" हर्षालीनं विचारलं,
पेजेत मीठ ढवळत, अगदी सहज.
नाही गो, म्हटलं, भादवा आहे.

जना बर्फाच्या कारखान्यातून येतो,
सहा किलोमीटर चालत, एसटीचे पैसे वाचवून.
मानेवर हात ठेवतो तर अंगावर शहारा.
पूर्वी मी ओरडायचे.
आता म्हणते, असू दे जरा वेळ,
पंखा लावायला नको.

काल लळीत भटजी दक्षिणेची राहिलेली बाकी न्यायला आले
(एकवीस; अकरा दिले, दहा पुन्हा राहिले)
आणि पायरी उतरता उतरता म्हणाले,
पुढल्या साली अधिक महिना आहे,
गणपती अठरा दिवस उशिरा.

अठरा दिवस!
मी उंबऱ्यातच उभी राहिले.
वहाळाच्या काठी गुडघाभर पाण्यात, घसा फोडून
मीच ओरडले होते ना, पुढच्या वर्षी लवकर या?
त्यानं ऐकलं नाही. बरं झालं.
आमच्यापेक्षा त्याला बाजारभाव ठाऊक.

रात्री लाडवांचा रिकामा डबा पुसला,
झाकणाला सुरीनं चीर पाडली.
रोज वीस. अठरा दिवसांचे
तीनशे साठ जास्तीचे,
म्हणजे एका बारीची उसळ सुटली, मी म्हटलं.

जनानं खिशातलं नाणं टाकलं.
रिकाम्या डब्यात एक नाणं
किती मोठ्यानं वाजतं.

"आणि पाव?" तो म्हणाला.

पाव भावोजी आणतील.
गावात कसलो खर्च.